पुण्याचे खोतसाहेब

“शैला, तुझा फोन. पुण्याचे खोतसाहेब बोलतायत.”

कमलअक्कानं रिसीव्हर माझ्यापुढं धरला आणि ती तिथंच उभी राहिली. मी तांदूळ निवडत होते. ताट खाली ठेवलं की हातातून सुटलं ते आठवत नाही, पण तांदूळ फरशीभर झाले होते. अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी त्या काळ्या रिसीव्हरकडं. कारण खोतसाहेब नावाचे कोणी प्रकाशक पुण्यात नव्हते. पुण्यातच काय, कुठंच नव्हते. त्यांना मी तयार केलं होतं.

“घे की. माणूस ताटकळलाय.”

मी फोन कानाला लावला.

“मॅडम, खोत बोलतोय.” आवाज भारदस्त होता, पोटातून काढलेला. “पित्तानं फार हैराण केलं, म्हणून इतके दिवस फोन जमला नाही. सोळावं प्रकरण कुठवर आलं?”

“चाललंय.”

“चाललंय म्हणजे काय? शुक्रवारी माझ्या टेबलावर पाहिजे. कलेला विलंब मानवत नाही, मॅडम.”

“हो साहेब.”

साहेब म्हणाले मी. जो माणूस जन्मालाच आलेला नाही त्याला. पण अक्का दोन हातांवर उभी होती, दुसरं काय म्हणणार? फोन बंद झाला. मी खाली बसून तांदूळ गोळा करायला लागले.

“आवाज चांगलाय,” अक्का म्हणाली. “तुला एवढा घाम का आलाय?”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही कराडला एकत्र राहत होतो. थोरले दीर हणमंतभाऊजी, त्यांची बायको कमलअक्का, माझे यजमान विलास, मी, आमची शाळकरी मुलं आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणायचो. भाऊजींचं हार्डवेअरचं दुकान होतं, विलास पाटबंधारे खात्यात होते आणि मी लिहीत होते.

लिहीत होते, असं म्हणायला सोपं. माझा पहिला कथासंग्रह मी स्वतःच छापला होता. प्रकाशकाच्या दारात चपला झिजवायच्या नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. गावातल्या छापखान्यातून प्रती आणल्या, ओळखीपाळखीत खपवल्या, उरलेल्या कॉटखाली गेल्या. मग कादंबरी घेतली. एसटी स्टँडसमोर लॉज चालवणाऱ्या एका बाईची. पण कुणी न मागितलेली गोष्ट वेळेवर द्यायची कुणाला? मी कॅलेंडरवर स्वतःसाठी तारखा घालायची. पाडव्यापर्यंत चार प्रकरणं, अक्षय्य तृतीयेपर्यंत सहा. सण यायचे, पुरणपोळ्या व्हायच्या, प्रकरणं जिथल्या तिथं. घरातल्या कुणी मला मुद्दाम अडवलं असंही नाही. फक्त प्रत्येकाचं काम माझ्या कामापेक्षा निकडीचं असायचं. मी कॅलेंडर दाखवलं तर अक्का अगदी सरळ मनानं म्हणायची, “तारीख तूच घातलीस नव्हं? मग तूच पुढं घाल की.”

खरंच मीच घातली होती.

त्या उन्हाळ्यात पापडाच्या दिवशी अक्का लाट्या करून बसली आणि मला हाक मारली. मी लॉजच्या जिन्यावर होते, बाईच्या हातात किल्ल्या होत्या, आता ती कुठलं दार उघडते ते मला कळायचं होतं. मी आतून ओरडले, “अक्का, मला जमणार नाही. खोतसाहेबांना शुक्रवारी प्रकरण द्यायचंय.”

“कोण खोत?”

“पुण्याचे. प्रकाशक. कादंबरी घेतायत माझी.”

मला वाटलं आता अक्का दारात येऊन उभी राहणार. ती आली नाही. थोड्या वेळानं पोळपाटावर लाटण्याचा आवाज सुरू झाला आणि मला समजलं की पापड माझ्याशिवाय होत होते.

मग खोतसाहेब वाढले. एक शुक्रवार सोडून त्यांना प्रकरण लागायचं. ते फार शिस्तीचे होते, उशीर झाला की बोलायचे नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणंच फार लागायचं. त्यांना पित्त होतं. दुपारी दोन ते चार मी मागच्या खोलीत दार लावून बसायची. त्या खोलीवर भाऊजींचा डोळा होता, दुकानाचे पाइप ठेवायला. पण ते म्हणायचे, “खोतांचं काम होऊ दे, मग बघू.” शुक्रवारी मी जाड पाकीट घेऊन पोस्टात म्हणून निघायची आणि छापखान्यात प्रकरणाचे खिळे जुळवायला देऊन यायची. तारखा मीच ठरवत होते, पण खोतांच्या तोंडून. गुरुवारी संध्याकाळी दोन पानं राहिली असली की मला खरोखर त्यांची भीती वाटायची. हसू नका. वर्षानुवर्षं जे मला जमलं नाही ते त्या नसलेल्या माणसानं करून घेतलं.

पण दसऱ्यानंतर अक्काला शंका यायला लागल्या.

“फोन कसा येत नाही गं त्यांचा?”

“कामात असतात.”

“वय काय असेल?”

“असेल पन्नास-पंचावन्न.”

“बायको?”

“वारली.”

इथं चुकलं माझं. चांगली जिवंत बायको द्यायला काय हरकत होती? खर्च थोडाच येणार होता. पण विधुर म्हटल्याबरोबर अक्काचे डोळे बारीक झाले. त्यानंतर विलासही ऑफिसातून आले की विचारायचे, “मग, काय म्हणतात खोत?” आणि उत्तर ऐकण्याआधीच बूट काढायला वाकायचे. शेवटी अक्कानं सांगून टाकलं, “दिवाळीला माझा भाऊ येतोय. तो पुण्यात अप्पा बळवंत चौकातच असतो, कागदाच्या दुकानात. परत जाताना तुझ्या खोतांकडं फराळाचा डबा पोचता करंल. पत्ता तेवढा दे.”

पत्ता कुठून देणार? दिवाळी तोंडावर आली होती. खोत गेले की शुक्रवार गेला, शुक्रवार गेला की दोन ते चार गेलं, दार उघडं पडलं, खोलीत पाइप आले. कादंबरीची बाई तशीच जिन्यावर राहणार. शिवाय एका नसलेल्या विधुराशी मी काय चालवलंय याचा खुलासा घरात द्यायचा तो वेगळाच.

आणि अशात खोतांचा फोन आला.

पहिला संशय अर्थातच अक्कावर. मला ते स्पष्ट दिसत होतं. तिनं भावाला सांगून कुणाला तरी बोलायला लावलं होतं. पित्त, शुक्रवार, सोळावं प्रकरण, हे सगळं घरातल्याच माणसाला माहीत. मी “आपण कोण?” असं विचारलं असतं तर खोत खोटे ठरले असते. मी “हो साहेब” म्हटलं आणि मी खोटी ठरले. दोन्ही बाजूंनी तिचंच साधणार होतं. तिनं मला सापळ्यात घेतलं होतं आणि मी शहाण्यासारखी आत जाऊन बसले होते. आता भाऊ आला की त्याच्यासमोर, भाऊजींसमोर, विलाससमोर ती हळूच म्हणणार, “शैला, त्या दिवशी फोनवर कोण होतं गं?”

अक्का आंघोळीला गेली तेव्हा मी फोनचं रिडायलचं बटण दाबलं. पुण्याचा भाऊ लागेल अशी माझी खात्री होती. लागली गॅस एजन्सी. सिलिंडर परवा येईल म्हणाले.

संध्याकाळी विलास चहा पीत होते.

“खोतांचा फोन आला होता म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“वहिनींनी. दारातच सांगितलं. काय म्हणाले?”

“प्रकरण मागितलं.”

“बरं झालं आला ते.”

“बरं का झालं?”

“न येण्यापेक्षा आलेला बरा.” ते बशीत चहा ओतायला लागले.

मग मला विलासचा संशय आला. हा माणूस बारा महिने वाक्याला वाक्य जोडत नाही, आज एवढं सूचक कसं बोलतोय? त्यांच्या ऑफिसात सगळा रिकाम्या वेळेचा कारभार. कुणीतरी साहेबी आवाजाचा कारकून धरला असेल. बायकोची खोड मोडायची असेल. किंवा त्यांना खोत खरे वाटत असतील, आणि मी फोनवर कशी बोलते ते वहिनीकडून काढून घ्यायचं असेल.

“पुढच्या वेळी तुम्हीच घ्या फोन,” मी म्हटलं. “ओळख होईल.”

“मी कशाला? तुझा साहेब, तू बघ.”

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. पंधरा वर्षं संसार केलेल्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट बघितला असेल, आणि त्यात चहाखेरीज काही दिसलं नाही. त्या दिवसापासून मी घरात सगळ्यांवर पाळत ठेवून होते. अक्का मुलांशी हळू बोलली तरी मला वाटायचं, माझंच चाललंय. भाऊजींनी सहज विचारलं, “खोली कधी मोकळी होईल?” तर मला वाटलं, यांनाही सगळं कळलंय. आत्याबाई तेवढ्या बाहेरच्या सोप्यात बसून वाती वळत असायच्या. त्यांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. फोन वाजला की त्या दोन हात लांब सरकणाऱ्या, शाळेचं तोंड न बघितलेल्या. त्यांच्यावर कसला संशय घ्यायचा?

एक मात्र सांगते. सोळावं प्रकरण इतकं भराभर मी कधी लिहिलं नव्हतं. फोनवरचा माणूस कोण हे कळत नव्हतं, पण शुक्रवारी त्यानं विचारलं तर? आपण केलेल्या भुताला आपणच भ्यावं, तशी माझी गत होती.

गुरुवारी दुपारी पुन्हा फोन. या वेळी मीच धावत जाऊन उचलला. अक्का हात पुसत स्वयंपाकघरातून आलीच.

“मॅडम, खोत. उद्याचं लक्षात आहे ना?”

“आहे. झालंच आहे.”

“शाब्बास.” मग आवाज थोडा घुटमळला. मागं कुणीतरी काहीतरी बोललं असं वाटलं. “तुमच्या जाऊबाई आहेत का तिथं? जरा द्या त्यांना.”

मी चाट पडले. अक्काकडं रिसीव्हर दिला. “तुम्हाला मागतायत.”

“मला?” अक्कानं पदर सारखा केला. फोनवर पदर दिसतो अशा बेतानं. “हॅलो… हो, मी थोरली… नाही नाही, त्रास कसला… अहो घरचंच काम आहे… होय, तिला दुपारी आम्ही कुणी हाक मारत नाही…” तिचा चेहरा लाल होत गेला. “तुमचं पित्त कसंय पण आता?… छे छे, गोळ्यांनी नाही जायचं ते. कोकमाचं सार घ्या. मी सांगते कसं करायचं…”

हे सोंग नव्हतं. अक्काला मी ओळखते, तिला सोंग येत नाही. तिला राग येतो, लोभ येतो, सोंग येत नाही. म्हणजे ती यात नव्हती. मग कोण? मी तिच्या खांद्याशी जाऊन कान लावला. कोकमं किती आणि पाणी किती ते ऐकत खोत हुंकार देत होते, आणि त्यांच्या मागं सारखा एक आवाज चालला होता. थडथड, थडथड. पट्टा फिरल्यासारखा. हा आवाज पुण्याचा नव्हता. तो मी रोज ऐकत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती आणि तिला लागूनच पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ.

“कोथिंबीर आणते,” म्हणून मी चपला घातल्या. अक्कानं बघितलंही नाही. ती फोडणीपर्यंत आली होती.

मी जवळजवळ पळतच गेले. मनात विलासच्या ऑफिसातले सगळे कारकून येऊन गेले. बूथच्या काचेतून मला एक म्हातारा दिसला. डोक्याला टोपी, अंगात विटका सदरा, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरलेला, आणि छाती एवढी पुढं काढलेली की राजदरबारात उभा असावा. त्याच्या शेजारी, पायाशी दळणाचा डबा ठेवून, आत्याबाई उभ्या होत्या.

“पोरंबाळं बरी हायत का इचार,” त्या त्याला दबक्या आवाजात सांगत होत्या. “आन् ठिव आता. बिल पडतंय.”

म्हाताऱ्यानं मुलांची विचारपूस केली, आशीर्वाद दिला आणि फोन ठेवला. मग त्यानं मला बघितलं. छाती एकदम आत गेली.

“काय चुकलं असलं तर वैनी…” तो हात जोडून म्हणाला.

“काय चुकलं न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “जा तू घरला, पांडबा.” मग माझ्याकडं वळून, “भजनात टाळ धरतो आपल्या. मागं जत्रंच्या नाटकात राजा व्हायचा. आवाज आजून हाय.”

एवढं बोलून त्यांनी डब्याला हात घातला. मी डबा त्यांच्याकडून घेतला, कमरेवर ठेवला आणि आम्ही घराकडं चालायला लागलो.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“काय?”

“खोत नाहीत ते.”

“पापडाच्या दिसापासनं.”

“कसं काय?”

“इलास त्याच्या सायबाला रोज शिव्या देतुया. हणमा गिऱ्हाइकाला देतुया. तू खोताला कदी येक शिवी दिली न्हाईस. ज्येच्या हाताखाली माणूस राबतंय, त्येला शिवी दिल्याबगार ऱ्हातंय व्हय?”

इतके महिने मी खोतांना चष्मा दिला, पित्त दिलं, विधुर केलं. शिवी द्यायची तेवढी राहिली होती.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“कुणाला बोलू? आन् काय?”

“आणि हे फोन?”

“कमळीचा भाऊ यायचाय. त्येनं पुण्यात जाऊन हुडकलं असतं. परीक्षा कुणी घ्यायच्या आत आपुन देऊन मोकळं व्हावं. मला त्या टायमाला ही अक्कल न्हवती.”

“कुठल्या टायमाला?”

वाटेत एका बंद दुकानाची पायरी होती. आत्याबाई तिथं टेकल्या. मीही डबा ठेवून बसले.

“माज्या अंगात यायचं, तुला ठावं हाय न्हवं?”

ठाऊक होतं. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याबाई तरण्या असताना मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्यांच्या अंगात यमाई यायची. भाऊजी अजूनही ते सांगताना हात जोडायचे.

“पयल्यांदा आली ती खरी का खोटी, मला आजून कळलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “हणमा पोटात हुता. सरपण फोडून आल्ये आन् भुईवर पडल्ये. काय बडबाडल्ये कुणाला ठावं. शुद्ध आली तर सासू पाया पडत हुती. ज्या बाईनं कदी पान्याचा तांब्या हातात दिला न्हाई, ती पाया पडत हुती. म्हटलं, आगं बया. मग दुसऱ्या येळंला मीच आणली.”

“तुम्ही आणली?”

“तू खोताला न्हाई आणलास? तशी.”

रस्त्यानं कुणी ओळखीची बाई चालली होती. आत्याबाईंनी तिला दिवाळीचं झालं का म्हणून विचारलं, ती पुढं जाईपर्यंत थांबल्या.

“घटकाभर घुमायची. मग सांगायची, आईला निवांत पडू द्या, दार लावा. घरातली दार लावायची. उनं उतरंस्तवर कुणी हात लावायचं न्हाई दाराला.”

“आणि आत काय करायचा?”

“झोपायची.”

“नुसत्या?”

“मग काय? तुज्यावानी लिवता येत न्हवतं. दोन पोरं, जनावरं, धा माणसांची भाकरी. झोपायची बग मी मढ्यावानी. बाहीर समदी हळू बोलायची, आई आल्यात म्हनून.” त्या हसल्या. दात नसलेलं, अगदी मोकळं हसल्या.

“कुणाला कळलं नाही?”

“जावंला संशेव आला. तिनं दिराला सांगितलं, दिरानं भावकी बोलावली. म्हनली, आई खरी आसंल तर जळता कापूर हातावर घील.”

त्यांनी उजवा हात उघडून माझ्यापुढं धरला. तळव्याच्या मधोमध रेषा नव्हत्या. रुपयाएवढी जागा गुळगुळीत, पांढुरकी. त्या हातानं वाढलेलं मी इतकी वर्षं जेवत होते. कधी दिसलाही असेल तो डाग. पण बाईच्या हातावरचा डाग चुलीचाच असणार, असं आपण धरून चालतो.

“घेतलात?”

“न्हाई म्हटलं असतं तर दार उगडलं असतं. कायमचं.”

“ओरडला नाहीत?”

“देवी वरडती व्हय?”

मला रडू कोसळलं. भर रस्त्यात, दळणाच्या डब्यावर हात ठेवून मी रडायला लागले. मी यांच्यासाठीच तर खोत उभा केला होता. यांना फसवायला. आत्याबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या दंडाला चिमटा काढला.

“गप. लोकं बगत्यात. पीठ गार व्हतंय.”

“विलासला माहीत आहे का?”

“त्येला कशाला? पुरुषाच्या पोटात काय ऱ्हातंय?” त्या उठल्या, लुगडं झटकलं. “तू आता हात उचलून लिव. पांडबाला दमा हाय.”

घरी आलो तर अक्का दारातच. “कोथिंबीर कुठाय?” म्हणाली, पण उत्तराची वाट बघितली नाही. “लई चांगला माणूस आहे गं. मला म्हणाले, तुमच्या घरच्या माणसांमुळंच हे पुस्तक होतंय. कोकमाचं लिहून घेतलं त्यांनी.” दिवाळीला तिचा भाऊ आला, राहिला, गेला. डब्याचा विषय अक्कानं काढला नाही. खोत आता तिचेही झाले होते, आणि आपल्या माणसाची चौकशी कोण करतं?

कादंबरी संक्रांतीच्या सुमारास संपली. पांडबांनी अजून दोन-तीनदा फोन केला, मग खोतसाहेब निवृत्त होऊन मुलाकडं गेले. पुस्तकावर प्रकाशक म्हणून माझंच नाव बघून विलासनी मला विचारलं, “हे असं कसं?” मी म्हटलं, “साहेब गेल्यावर कंपनी बंद पडली.” ते बरं म्हणाले. मी लगेच दुसरी कादंबरी धरली. खोली आणि वेळ तोवर घराच्या अंगवळणी पडली होती, आणि आता तारीख कोण मागतं हे कुणी विचारत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा सगळे जेवायला बसले होते. अक्का वाढत होती. वाढता वाढता, कुणाकडं न बघता ती म्हणाली, “उद्यापासून दुपारी मी दोन तास पडून राहणार आहे. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. बीपी आहे मला.”

भाऊजींचा घास हातात राहिला. “साताऱ्याला कधी गेलतीस?”

अक्काची पळी आमटीच्या पातेल्यात थांबली. ती साताऱ्याला गेली नव्हती. तो सगळा महिना आम्ही दोघी शेवया, कुरडया, चटणीचं कांडप यातच होतो, गल्लीबाहेर गेलो नव्हतो. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. तिची मान खाली होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, कारण डॉक्टर-औषधांचं घरात मला विचारायची पद्धत होती. आत्याबाई भाकरी कुस्करत होत्या, त्यांचे हातही थांबले.

“गेल्या सोमवारी,” मी म्हटलं. “मीच घेऊन गेले होते. बाई फार कडक आहेत, भाऊजी. म्हणाल्या, सांगितलेलं पाळणार नसाल तर परत माझ्याकडं येऊ नका. दीडदमडीची अक्कल नाही त्या बाईला आणि तोंड मात्र एवढं.”

शेवटची शिवी मी आठवणीनं घातली.

“मग पाळायला पाहिजे,” भाऊजी म्हणाले आणि घास तोंडात घातला. “पण झोपणार कुठं? घरात पोरांचा दंगा.”

“मागच्या खोलीत,” अक्का म्हणाली. तिनं माझ्या ताटात आमटी वाढली, मी नको म्हणेपर्यंत वाढतच राहिली. “तुझ्या लिहिण्याचा मला त्रास नाही व्हायचा, शैला. दार तेवढं आतून लाव.”